हँडल घरी ठेवून विकलेली गाडी

बाबांनी गाडी विकायला काढली तेव्हा वाडीत कुणाचा विश्वास बसेना. जोगेश्वरीच्या चाळीत गाडी असणंच मुळात विश्वास बसण्यासारखं नव्हतं. आमच्या दोन खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ, आणि चिंचेखाली उभी असलेली काळी विलायती मोटार. चढायला दोन्ही बाजूंना लांब पायऱ्या, पितळी दिवे, मागच्या काचेला चक्क पडदा. नवा पोस्टमन आला की आधी गाडीकडे बघायचा, मग आमच्या दाराकडे, आणि मग हातातला पत्ता पुन्हा एकदा वाचायचा.

गाडी बाबांनी घेतली नव्हती, त्यांना मिळाली होती. अंधेरीला एका पारशी बाईंकडे ते बावीस वर्षं ड्रायव्हर होते. बाई मुलीकडे कायमच्या विलायतेला निघाल्या तेव्हा त्यांनी बंगला विकला, सामान वाटून टाकलं आणि गाडीची किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. या गाडीला तुझी सवय आहे, दुसऱ्याकडे ती नांदायची नाही, असं बाई म्हणाल्या म्हणे. ‘नांदायची’ हा शब्द बाबांनी पदरचा घातला असणार, कारण बाई गुजराती बोलत. आईचं म्हणणं, द्यायचंच होतं तर बाईंनी एखादी खोली द्यायची होती. हे ती पुढची दहा वर्षं अधूनमधून म्हणत राहिली, आणि त्याच गाडीतून दर गणपतीला बहिणीकडे मुलुंडला जात राहिली.

खरं सांगायचं तर ती गाडी आमची कमी आणि वाडीची जास्त होती. वाडीतल्या सहा बाळंतिणी तिच्यातून इस्पितळात गेल्या. त्यांतली एक वाटेतच मोकळी झाली, तो मुलगा पुढे आम्हाला भेटला की त्याला सगळे गाडीवरूनच चिडवायचे. कुणाला जमलं तर पेट्रोलचे पैसे द्यायचा, नाही जमलं तर फणस, नाही तर नुसताच नमस्कार. बाबांना सगळं चालायचं. त्यांना फक्त एक गोष्ट चालायची नाही, गाडीला कुणी तेलकट हात लावलेला.

त्या वर्षी मी अंधेरीच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. एका रविवारी बाबांबरोबर गाडीतून बाजाराला निघाले. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी बाबांनी गाडी हळू केली, हॉर्न दिला आणि थांबले. पुन्हा हॉर्न दिला. समोर रस्त्याच्या कडेला लाल टपालपेटी होती. “ही बाई हलना नाय,” असं पुटपुटत त्यांनी पेटीला लांबून वळसा घातला. मला वाटलं, थट्टा करताहेत, म्हणून मी खो खो हसले. बाबा हसले नाहीत. घरी येईपर्यंत माझंही हसू गेलं होतं.

त्या दिवसापासून मी गाडीत त्यांच्या शेजारी बसू लागले आणि अखंड बडबड करू लागले. म्हशी बघा किती, तबेल्यातून आत्ताच सुटल्या वाटतं. तो हातगाडीवाला बघा, कसा मेला आडवाच आलाय. सिग्नल लाल झाला, आता इथे पाच मिनिटं मोडली. बाबा ऐकायचे, हूं म्हणायचे आणि बरोबर तिथे ब्रेक दाबायचे. सकाळी शाळेत मी पन्नास पोरांना खरं बोलायला शिकवत होते आणि रविवारी वडिलांच्या शेजारी बसून हे असं. एखाद्या दिवशी माझं लक्ष चुकेल आणि कुणाचं तरी मूल गाडीखाली येईल, या भीतीनं मला धड झोप लागत नसे. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

पण सांगायचं कसं? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही, आणि ज्याच्याकडे अभिमानानं सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, त्याला कुठल्या तोंडानं म्हणायचं की बाबा, तुम्हाला दिसत नाही? मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुझो बापूस, तूच सांग.” म्हणजे तिलाही ठाऊक होतं आणि तिलाही जमत नव्हतं.

म्हणून बाबांनी एके दिवशी आपण होऊन विषय काढला तेव्हा मी मनात देवाला हात जोडले. टायर मिळत नाहीत, पेट्रोल आता आपल्यासारख्याला परवडायचं नाही, तेव्हा गाडी विकून टाकू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, अगदी बरोबर. आईनंही मान डोलावली. तिघांनाही ते टायरचं कारण भलतंच आवडलं.

पेपरात द्यायची जाहिरात मी लिहिली. शब्दाला पैसे पडतात हे बाबांना काही केल्या पटेना. गाडी एकदाही कुठे घासलेली नाही, हे त्यांना लिहायला हवं होतं. बाई किती सज्जन होत्या, हेही. बाळंतिणींचाही उल्लेख असावा, असं त्यांना वाटत होतं. शेवटी “उत्तम चालू स्थितीत” एवढ्यावर आमची तडजोड झाली आणि बाबा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

पण माझी सुटका झाली नव्हती, उलट फासात मान आणखी आत गेली होती. गिऱ्हाइकाला गाडीची ट्रायल बाबा स्वतः चालवून देणार होते. आणि ट्रायल नुसती गाडीची नव्हती, गिऱ्हाइकाचीही होती. गाडी कुठे जाणार, तिथे कशी राहणार, हे कळल्याशिवाय ते किमतीचं बोलायलाच तयार नव्हते.

पहिला आला तो कुर्ल्याचा भंगारवाला. तो गाडीत बसलाच नाही. त्यानं बोटांनी पत्रा वाजवून पाहिला, दिव्यांचं पितळ नखानं खरवडलं आणि वजनावर भाव सांगितला. दिव्यांचे वेगळे देईन म्हणाला. बाबांनी त्याला शांतपणे चहा पाजला आणि गाडी विकायची नाही, असं सांगून वाटेला लावला. आई आतून म्हणाली, मग पेपरात काय उखाणा छापलाय का?

दुसरा सिनेमावाल्यांना सामान पुरवणारा होता. टेरिलीनचा शर्ट, बोटांत तीन अंगठ्या, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचं नाव नाही. त्याला घेऊन आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. तो मागे बसून मढच्या बंगल्यांमधल्या शूटिंगच्या गोष्टी सांगत होता, त्यामुळे माझी बडबड त्याच्या आवाजात बुडत होती. एका ठिकाणी मध्येच बैलगाडी उभी होती आणि बाबा सरळ तिच्याकडे निघाले. मी ओरडलेच. बाबांनी असा ब्रेक मारला की मागचे अंगठ्यांचे हात पुढच्या सीटवर येऊन आदळले. सिनेमावाला सावरून बसला आणि म्हणाला, “ब्रेक एकदम झकास आहेत हं.” आणि त्यानं किंमत वाढवली.

ती किंमत ऐकून आई दारात येऊन उभी राहिली. कुणीही एवढे देणार नव्हतं. बाबांनी विचारलं, गाडीत बसणार कोण? तो म्हणाला, व्हिलन. बाबांनी विचारलं, चालवणार कोण? त्यावर तो हसला. चालवायची नव्हतीच, शेवटच्या रिळात तिला पेटवून खाणीत ढकलायची होती. माणूस खोटा नव्हता, विचारलं तसं त्यानं सांगितलं. बाबा उठले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले.

आईनं त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली. मीही चिडले होते. लोखंडाला कसली माया, असं मी बाबांना बोललेसुद्धा. खरं कारण वेगळं होतं. आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे आणखी एक ट्रायल, आणि माझ्यात तेवढं धैर्य उरलं नव्हतं.

तिसरे गृहस्थ मरोळच्या गावठाणातले होते. ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेले, थोडी भातशेती आणि एका कंपनीत फिटरची नोकरी. रविवारची प्रार्थना आटोपून कोट घालूनच आले. गाडी कशाला हवी, असं बाबांनी विचारल्यावर ते म्हणाले, “मला चार मुली हायत.” प्रत्येक मुलगी लग्नाला गाडीतून चर्चला जावी, एवढी त्यांची हौस. तरुणपणी त्यांनी एका साहेबाचं लग्न पाहिलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. बाबांचा चेहरा बदललेला मी पाहिला. ते म्हणाले, चला, तुमच्या घरापर्यंतच ट्रायल घेऊ. मुलगी द्यायच्या आधी माणसं घर बघून येतात, तसं त्यांना घर बघायचं होतं.

बाबांनी हँडल फिरवून गाडी चालू केली. गाडीचा सेल्फ केव्हाच गेला होता. समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवल्याशिवाय ती जागी होत नसे. हँडल मारायला डोळे लागत नव्हते आणि बाबांच्या मनगटात अजून जोर होता.

मी शेजारी बसले, पाहुणे मागे. अंधेरी ओलांडून महाकालीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं नेहमीचं कीर्तन चालू होतं. खाणीतल्या दगडांचे ट्रक समोरून येत होते आणि मी एकेक ट्रक सांगत होते. आरशात पाहिलं तर पाहुणे रस्त्याकडे बघत नव्हते. आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघत होते. संपलं, असं मला वाटलं. आता हे गाडी थांबवायला सांगणार, आणि बाबांना हे असं, रस्त्यात, परक्या माणसाकडून कळणार.

पाहुण्यांनी पुढे वाकून आमच्या दोघांच्या मधे सीटवर कोपर टेकलं आणि बोलायला सुरुवात केली. “भाऊ, इथनं आमचं गाव चालू झालं बरं. आता डाव्या हाताला विहीर येईल, तिथं बाया कळशा घेऊन रस्त्यात उभ्या असतात. जरा दमानं घ्या. हां. आता पुढं माझ्या भावाचा बैल बांधलाय, अर्धा रस्त्यात असतो, भावाला पण आपला बैल दाखवायची हौस.” गाव दाखवणाऱ्या यजमानाच्या थाटात त्यांनी प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, प्रत्येक कुत्रं बाबांना सांगितलं. आवाजात दया नव्हती, घाई नव्हती, नुसता गावाचा अभिमान. मी बोलायची थांबले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावरचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं, आणि मला रडू आलं म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या घरी कौलारू पडवी होती, मागे दोन गाई होत्या. चारही मुली बाहेर आल्या आणि गाडीभोवती फिरल्या, पण बाबांचा चेहरा पाहून कुणी तिला हात लावला नाही. जेवायला कालवण होतं आणि टम्म फुगलेले, तळलेले पिठाचे फुगे. बाबांनी पाच खाल्ले. जेवण झाल्यावर पाहुणे म्हणाले, गाडी आता इथंच राहू द्या, मुलींनी बघितलीय, परत नेलीत तर माझी वाट लागेल. सिनेमावाल्याच्या निम्म्या किमतीला बाबा हो म्हणाले. कागदपत्रं पुढच्या आठवड्यात करायची ठरली. अशा रीतीनं बाबांची शेवटची गाडी त्यांना न कळता चालवून झाली, असं मी मनात म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये हलकी होऊन बसले.

बाबांच्या मांडीवर पेपरात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. घरी आल्यावर त्यांनी ते उलगडलं. गाडीचं हँडल. त्यांनी ते धुतलं, हळदकुंकू लावलं आणि देवांपुढे ठेवलं. आईनं विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, “दावा.” आईला पुढे काही सांगावं लागलं नाही. कोकणात आमच्याकडे गाय-बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे त्याला बांधायची दोरी, विकत नाहीत. जनावर जातं, दावं गोठ्यात राहतं, नाहीतर घरची बरकत त्या दाव्याबरोबर जाते. मलाही ते ऐकून बरं वाटलं. गाय दाव्याशिवाय चालते, पण ही गाडी हँडलशिवाय सुरूच होत नाही, हे आईच्या किंवा माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांच्या आलं होतं की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आमच्या दारात. तोच कोट. आईचा चेहरा उतरला, तिला वाटलं पैसे परत मागायला आले. त्यांनी पाणी घेतलं, चहा घेतला, आणि थोरल्या मुलीच्या लग्नाची हकिगत सांगू लागले. पुढे बँड, मागे गाडी, गाडीत नवरी, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. शेवटी आठ चुलतभावांनी कोट काढून ठेवले आणि नवरीला चर्चपर्यंत ढकलत नेलं. बँडवाल्यांना त्यांच्या चालीनं वाजवावं लागलं. सांगताना ते स्वतःच इतके हसले की आम्हालाही हसू आवरेना. मग ते सहज म्हणाले, “भाऊ, हँडल काय सापडत नाय.”

बाबा उठले. देवांपुढचं हँडल त्यांनी आणलं, त्यावर कुंकू तसंच होतं, आणि खाली मान घालून त्यांनी दाव्याची गोष्ट सांगितली. पोरीच्या लग्नात तुमची शोभा केली, मला माफ करा, असं ते म्हणाले. मी बाबांना कुणाची माफी मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांनी हँडल हातात घेतलं, कुंकू पुसलं जाणार नाही असं बेतानं धरलं, आणि परत बाबांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, “आमी पण दावं देत नाय. हे तुमच्याकडंच राहील. पण गाडीला ते लागतं, तेव्हा तुमीच घेऊन यायचं. आमच्यात लग्नं पुष्कळ.” मग म्हणाले, दोन नंबरच्या मुलीला गाडी शिकायचीय, मला या वयात काही जमायचं नाही, तेवढं तिला शिकवाल का?

बाबांनी मांडीवरचं हँडल पुन्हा देवांपुढे नेऊन ठेवलं. मग म्हणाले, “शिकवीन. पण मी बाजूक बसतलंय. चलवतली ती.”

मी कपबश्या घेऊन दारात उभी होते. जे मला वर्षभर सांगता आलं नव्हतं ते या माणसानं न सांगता सांगितलं होतं, आणि बाबांनी ते मान ताठ ठेवून ऐकलं होतं.

त्यांना पोहोचवायला मी बसस्टॉपपर्यंत गेले. आभार कसे मानावेत ते सुचेना, म्हणून सरळ विचारलं, त्या दिवशी तुमच्या लक्षात आलं होतं ना? ते म्हणाले, “काय? आमच्या गावचा रस्ता वाकडा हाय, नव्या माणसाला सांगावाच लागतो.” आणि बाबांना बोंबील आवडतात का, असं विचारून ते बसमध्ये चढले. त्या बसकडे पाहून मी रस्त्यातच हात जोडले. आज इतक्या वर्षांनीही मरोळचं नाव निघालं की माझे हात आपोआप तसेच जुळतात.

पुढे दर रविवारी बाबा हँडल पिशवीत घालून मरोळला जायचे आणि मी त्यांच्याबरोबर. शिकवताना ते फार कडक होते. क्लच जरा चुकला की त्यांना आवाजावरून कळायचं आणि ते कळवळायचे. ती मुलगीही काही कमी नव्हती, उलट उत्तर द्यायची आणि पुन्हा बरोबर गिअर टाकून दाखवायची. तीन-चार महिन्यांत ती विहिरीपासून चर्चपर्यंत गाडी अशी आणू लागली की बाबा मुद्दाम खोट काढायला बसायचे आणि त्यांना खोट सापडायची नाही.

भात कापणीला आलं होतं तेव्हा मरोळच्या त्या गृहस्थांच्या पुतणीचं लग्न निघालं. बाबांनी धुतलेला सदरा घातला, हँडल मारलं, गाडी एका फटक्यात सुरू झाली आणि बँडवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. दोन नंबरची मुलगी चालवायला, बाबा तिच्या शेजारी, आणि मागे नवरी, तिची आई आणि कोपऱ्यात मी. गाडी विहिरीपाशी आली. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, बाया उभ्या आहेत.”

बाबांनी मान मागे वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी बरोबर माझ्याकडे वळवली.

“चेडवा,” ते म्हणाले, “इतके दिस तू माका म्हशी नि हातगाडयेच दाखयलंस. आता गाडी माझ्या हातात नाय. जरा चांगला काय ता सांग. नवरी कशी दिसता?”

नवरीनं माझा हात धरला. मग मी सांगायला लागले. नवरीचा पांढरा झगा, त्याच्या बाहीला जाळी, हातातल्या फुलांत एक कळी मोडलेली. तिची आई एका डोळ्यानं रडतेय आणि एका डोळ्यानं बँडकडे बघतेय. शेत पिवळं धमक झालंय. दारात एक म्हातारी उभी आहे, रुमाल हलवतेय, रुमाल निळा आहे. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मी श्वास घ्यायला थांबले की ते “मगे?” म्हणत होते.